फेल झालेला असिंक कॉल पुन्हा करताना: किती थांबायचं, आणि कधी नाद सोडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जावास्क्रिप्टमध्ये बाहेरच्या एका एपीआयला कॉल करणारं असिंक फंक्शन आहे, म्हणजे ज्याचं उत्तर लगेच न येता नंतर येतं असं. ते अधूनमधून फेल होतं, म्हणून त्याभोवती पाच वेळा फिरणारा लूप लावलाय, दर वेळी एक सेकंद थांबून. एरवी ठीक चालतं. पण समोरचा सर्व्हर खरोखर अडचणीत आला की पाचही प्रयत्न वाया जातात, आणि कधीकधी एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी होतात. थांबण्याचा वेळ वाढवत नेला तर हे सुटेल का?

अर्धं सुटेल. दोन नोंदींचा थांबण्याच्या वेळेशी काहीच संबंध नाही, त्याकडे पुढे येतो. आणि वेळ दुप्पट करत जाणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे, दोन ओळींचा. खरं काम आहे ते कोणती चूक पुन्हा प्रयत्न करण्याच्या लायकीची आहे हे ओळखण्याचं आणि वेळेत थांबण्याचं.

आधी लूप खरंच थांबतोय का ते बघा. "अवेट सेटटाइमआउट" असं थेट लिहिलेलं फार ठिकाणी दिसतं. सेटटाइमआउट प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या निकालाची जागा धरणारा ऑब्जेक्ट, देत नाही. ब्राउझरमध्ये एक आकडा देतो आणि नोडमध्ये (म्हणजे ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवताना) टाइमरचा ऑब्जेक्ट. अवेटला वाट बघण्यासारखं काही मिळत नाही, आणि पाचही प्रयत्न एकामागोमाग धडाधड होऊन जातात. सेटटाइमआउटला प्रॉमिसमध्ये गुंडाळा, किंवा नोडमध्ये टाइमर्सच्या प्रॉमिस मॉड्यूलमधला सेटटाइमआउट घ्या. दुसरी चूक रिटर्नच्या ओळीत असते. ट्राय ब्लॉकमध्ये अवेट न लावता नुसतं प्रॉमिस रिटर्न केलं, तर ते नंतर रिजेक्ट झाल्यावर तुमच्या कॅचला त्याचा पत्ताच लागत नाही, चूक सरळ बाहेर जाते. एरवी "रिटर्न अवेट" फालतू वाटतं, इथे ते लागतंच. तिसरी चूक म्हणजे रिट्रायच्या (पुन्हा प्रयत्न करणाऱ्या) फंक्शनला फंक्शन देण्याऐवजी प्रॉमिस देणं. प्रॉमिस एकदाच निकाली निघतं. तेच पाचदा अवेट केलं तर तीच जुनी चूक पाचदा हातात येते, नेटवर्कवर नवा कॉल जातच नाही. म्हणून नेहमी "हे काम कसं करायचं" ते द्या, आधीच सुरू केलेलं काम नको.

आता थांबण्याचा वेळ. पाया २०० मिलिसेकंद धरला आणि दर वेळी दुप्पट केला, तर पाच प्रयत्नांच्या मधल्या चार विश्रांती २००, ४००, ८०० आणि १६०० अशा होतात, एकूण ३ सेकंद. शेवटचा प्रयत्न फसल्यावर थांबायचं नाही, लगेच चूक वर फेकायची. हे साधं वाटतं, पण प्रत्येक फेरीच्या शेवटी झोपणारे आणि मग हार मानणारे लूप पुष्कळ आहेत. तेवढा वेळ वापरणारा उगीच ताटकळतो. घाताचं चिन्ह लिहिताना ^ वापरू नका. जावास्क्रिप्टमध्ये आणि पायथनमध्येही ते बिटांचं एक्सऑर आहे. २ ^ २ चं उत्तर ० येतं आणि २ ^ ३ चं १. कोड एरर देत नाही, फक्त पाया * (२ ^ २) असं कंसात लिहिलं असेल तर तिसऱ्या विश्रांतीला शून्य मिलिसेकंद थांबतो. घातासाठी ** वापरा.

दुप्पट करूनही एक गोष्ट राहते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. सर्व्हर दहा वाजता कोसळला आणि त्या क्षणी हजार क्लायंटचे कॉल फेल झाले. ते सगळे २०० मिलिसेकंदांनी एकदम परत येतात, मग ४०० नी एकदम, मग ८०० नी एकदम. मधला काळ शांत आणि ठरलेल्या क्षणी लोंढा. तत्काळची बुकिंग एसीसाठी सकाळी १० ला आणि नॉन-एसीसाठी ११ ला उघडते तेव्हा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तशी गर्दी आपण स्वतःच्या हाताने जमवतो, तीही आजारी सर्व्हरच्या दारात. उपाय म्हणजे विश्रांतीत यादृच्छिकता घालणं, म्हणजे जिटर. सर्वांत सोपा आणि चांगला प्रकार असा की काढलेला वेळ हा "एवढाच थांब" असा न मानता "जास्तीत जास्त एवढा" असा मानायचा, आणि शून्यापासून तिथपर्यंतचा कुठलाही आकडा उचलायचा. अमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ साली याच्या तीन प्रकारांची तुलना मांडली होती. त्यातला हा फुल जिटर. कुणी अर्धा वेळ कायम ठेवून उरलेल्या अर्ध्यात फरक करतात. तेही चालतं, पण फुल जिटर सोडून त्याकडे जाण्याचं सबळ कारण क्वचितच असतं.

ही कल्पना वेबहून जुनी आहे. एका तारेवर अनेक यंत्रं असलेल्या जुन्या इथरनेटमध्ये दोघांचे संदेश आदळले की दोघंही यादृच्छिक काळ थांबत. १० मेगाबिटच्या इथरनेटवर एक स्लॉट ५१.२ मायक्रोसेकंदांचा. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ स्लॉट, दुसरीनंतर ० ते ३, तिसरीनंतर ० ते ७, असं वाढत दहाव्या टकरीला ० ते १०२३. तिथून पुढे वाढ बंद, आणि सोळावा प्रयत्न फसला की फ्रेम, म्हणजे तो संदेश, टाकून द्यायची. दुप्पट करणं, यादृच्छिकता, वरची मर्यादा आणि हार मानणं हे चारही भाग तेव्हापासून एकत्र आहेत. आपण कोड लिहिताना पहिला तेवढा उचलतो आणि बाकीचे तीन विसरतो.

वरची मर्यादा लावताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी मर्यादा, मग यादृच्छिक आकडा. उलटं केलं तर काय होतं ते बघा. पाया २००, दहावी विश्रांती, म्हणजे २०० गुणिले ५१२, साधारण १०२ सेकंद. शून्य ते १०२ मधला आकडा काढून त्याला १० सेकंदांची मर्यादा लावली, तर दहातले नऊ क्लायंट बरोबर १० सेकंदांवर येऊन बसतात. जिटर कोडमध्ये आहे पण कामाचा नाही. हा दोष टेस्टमध्ये सापडत नाही, कारण टेस्टमध्ये क्लायंट एकच असतो.

या सगळ्याचा सांगाडा असा होतो. वेळ मिलिसेकंदात आहे:

पुन्हा_करा(काम, कमाल_प्रयत्न = ५, पाया = २००, कमाल_थांबा = १००००, मुदत = २००००):
    शेवट = आत्ता() + मुदत
    क्रमांक १ पासून कमाल_प्रयत्न पर्यंत:
        ट्राय:
            रिटर्न अवेट काम(क्रमांक)
        कॅच चूक:
            जर क्रमांक == कमाल_प्रयत्न किंवा नाही पुन्हा_करण्याजोगी(चूक): थ्रो चूक
            छत = किमान(कमाल_थांबा, पाया * २ ** (क्रमांक - १))
            थांबा = रँडम() * छत
            जर चूक.सर्व्हरने_सांगितलेला_वेळ असेल: थांबा = त्या वेळेत थांबा मिळवा
            जर आत्ता() + थांबा >= शेवट: थ्रो चूक
            अवेट झोप(थांबा)

तयार लायब्ररी घेतलीत तरी तिचे डिफॉल्ट तपासा. नोडमधल्या पी-रिट्रायमध्ये न सांगता १० रिट्राय होतात, एक सेकंदापासून दुप्पट होत आणि जिटर बंद ठेवून. दहा विश्रांतींची बेरीज १०२३ सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं. रात्रीच्या जॉबला ते चालेल. बटण दाबून बसलेल्या माणसासाठी नाही. पायथनच्या टेनॅसिटीमध्ये डेकोरेटर नुसता लावला, काही न सांगता, तर तो मध्ये न थांबता अनंत काळ प्रयत्न करत राहतो. शिवाय "३" म्हणजे एकूण तीन प्रयत्न की पहिला धरून चार, हे प्रत्येक लायब्ररीत वेगळं असतं. पी-रिट्रायमध्ये पहिला प्रयत्न मोजत नाहीत, एडब्ल्यूएसच्या एसडीकेमधल्या कमाल प्रयत्नांत तो धरलेला असतो.

आता "पुन्हा_करण्याजोगी" हे फंक्शन. इथे वेळ घालवा. सर्वांत आधी लक्षात घ्या की फेच (जावास्क्रिप्टमधलं नेटवर्क कॉल करणारं फंक्शन) ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) असा कोड आल्यावर रिजेक्ट होत नाही. नेटवर्क तुटणं किंवा कॉल रद्द होणं अशा वेळी होतं. रिस्पॉन्सचं "ओके" तपासून तुम्ही स्वतः चूक फेकली नाहीत, तर रिट्राय कधी सुरूच होणार नाही, आणि ५०३ चं एचटीएमएल पान जेसन म्हणून वाचताना भलतीच चूक दिसेल. बॉडी वाचणंही ट्रायच्या आतच ठेवा, कारण हेडर आल्यावर अर्ध्यात कनेक्शन तुटू शकतं. आणि नोडमध्ये फेल रिस्पॉन्सची बॉडी न वाचता तशीच सोडू नका. वाचून टाका किंवा रद्द करा, नाहीतर कनेक्शन अडकून राहू शकतं.

पुन्हा करण्याजोगे कोड म्हणजे ४०८ (विनंतीला उशीर), ४२९ (फार विनंत्या) आणि ५०२, ५०३, ५०४ (सर्व्हर किंवा त्याच्या पुढचा गेटवे अडचणीत). त्यांच्या जोडीला कनेक्शन रिसेट, कनेक्शन नाकारलं, डीएनएस तात्पुरतं फेल आणि टाइमआउट. ४००, ४०१, ४०३, ४०४, ४२२ म्हणजे विनंतीतच चूक, ओळख किंवा परवानगी नाही, किंवा ती गोष्टच नाही; यांना कितीही वेळा विचारलं तरी उत्तर तेच येणार. ४०१ ला टोकन नवीन घेऊन एकदा प्रयत्न करणं वेगळं, ते रिट्रायच्या लूपमध्ये मिसळू नका. नाहीतर चुकीच्या पासवर्डने पाचदा धडकून खातं लॉक करून घ्याल. ५०० (सर्व्हरची अंतर्गत चूक) वर एकमत नाही. बहुतेक वेळा तो समोरच्या कोडमधला बग असतो आणि त्याच इनपुटवर पुन्हा तसाच फुटतो. वाचण्याच्या कॉलला एक-दोनदा प्रयत्न करायला हरकत नाही, लिहिण्याच्या कॉलला नको. आपल्याच कोडमधल्या चुकांबाबत मात्र सावध राहा: फेचची नेटवर्क चूक टाइपएरर म्हणून येते, आणि अनडिफाइंडवर प्रॉपर्टी वाचली तरी टाइपएररच येतो. फक्त प्रकार बघून ठरवलंत तर स्वतःचा बगही पाचदा चालवाल. नोडमध्ये त्या चुकीच्या "कॉज" मध्ये खरा कोड असतो, तो बघा.

४२९ किंवा ५०३ सोबत रिट्राय-आफ्टर हेडर, म्हणजे "इतक्या वेळाने या" ही सर्व्हरची सूचना, आलं तर ते पाळा. आपलं गणित ८०० मिलिसेकंद सांगत असेल आणि सर्व्हर ३० सेकंद म्हणत असेल, तर सर्व्हरचं ऐका, आणि वर थोडा जिटर घाला, कारण तेच ३० त्याने बाकीच्यांनाही सांगितलेत. हे हेडर दोन रूपांत येतं, सेकंदांचा आकडा किंवा पूर्ण तारीख-वेळ. तारीख आली आणि ती आकड्यात बदलायला गेलात तर नॅन ("हा आकडा नाही" अशी किंमत) मिळतो, आणि सेटटाइमआउटला नॅन दिला की तो जवळजवळ लगेच चालतो. "थांबा" असं सांगणाऱ्यावरच मारा सुरू. वरच्या सांगाड्यात तर नॅनशी केलेली मुदतीची तुलनाही खोटी ठरते, म्हणजे ते कुंपणही पडतं. ब्राउझरमध्ये दुसऱ्या डोमेनवरून कॉल असेल तर सर्व्हरने हे हेडर उघड करण्याची परवानगी दिल्याशिवाय तुमच्या कोडला ते दिसणारही नाही. आणि सांगितलेला वेळ तुमच्या एकूण मुदतीबाहेर जात असेल तर वाट बघू नका, तिथल्या तिथे हार माना.

टाइमआउटचे हिशेब दोन आहेत, ते वेगळे ठेवा: एका प्रयत्नाचा आणि एकूण. एका प्रयत्नाला टाइमआउट नसेल तर पहिलाच कॉल लटकून बसतो आणि रिट्रायची पाळीच येत नाही. प्रत्येकी ३ सेकंद धरले तर पाच प्रयत्नांचे १५ आणि विश्रांतीचे जास्तीत जास्त ३, असे १८ सेकंद. वर इंजिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या मागच्या सर्व्हरकडे नेणारा सर्व्हर) असेल तर त्याचा रिस्पॉन्स वाचण्याचा डिफॉल्ट टाइमआउट ६० सेकंदांचा आहे. तुमचा हिशेब त्याच्या आत बसला पाहिजे, नाहीतर वापरणाऱ्याला ५०४ दिसून गेल्यावरही तुमचा लूप मागे फिरत राहील. टाइमआउटसाठी ॲबॉर्टसिग्नल (चालू कॉल रद्द करायला सांगणारा ऑब्जेक्ट) वापरत असाल तर प्रत्येक प्रयत्नाला नवा बनवा. लूपच्या बाहेर एकच बनवला तर तो पहिल्या प्रयत्नात संपतो, आणि पुढचे चारही प्रयत्न जन्मतःच रद्द असतात. लॉगमध्ये मात्र "पाच प्रयत्न केले" असं छान दिसतं. हीच गोष्ट स्ट्रीमची. अपलोडची बॉडी स्ट्रीम असेल तर ती पहिल्याच प्रयत्नात वापरली जाते. ती "काम" च्या आत दर वेळी नव्याने उघडा.

वापरणाऱ्याने पान सोडलं किंवा जॉब रद्द केला, तर ते रिट्रायला कळलं पाहिजे, झोपेत असतानासुद्धा. म्हणजे झोपेच्या फंक्शनलाही सिग्नल द्या. ॲबॉर्टएरर कधीही पुन्हा करू नका. टाइमआउटएरर करू शकता. पायथनच्या असिंकआयओमध्ये ३.८ पासून कॅन्सल्डएरर हा एक्सेप्शनच्या झाडाबाहेर बेसएक्सेप्शनखाली गेला, त्यामुळे "एक्सेप्ट एक्सेप्शन" त्याला गिळत नाही. पण नुसतं "एक्सेप्ट:" लिहिलं तर गिळतं, आणि मग टास्क रद्द करूनही मरत नाही.

आता दोन नोंदी. टाइमआउट म्हणजे "झालं नाही" असं नव्हे. "झालं की नाही ते कळलं नाही" असं. विनंती पोचली, ऑर्डर नोंदली गेली, आणि परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं. दुसऱ्या प्रयत्नाने दुसरी ऑर्डर. खात्यातून पैसे गेले, पण ॲपवर "पेंडिंग" दिसतंय म्हणून माणूस पुन्हा पैसे पाठवतो, तसंच हे. गेट (वाचणं), पुट (बदलून ठेवणं), डिलीट (काढणं) पुन्हा केले तरी परिणाम तोच राहावा अशी एचटीटीपीची अपेक्षा आहे. पोस्ट, म्हणजे नवी नोंद पाठवण्याबद्दल ती नाही. म्हणून पोस्टला एक आयडेम्पोटन्सी की द्या, म्हणजे त्या एका कामाची खूणगाठ, साधारणतः एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब यादृच्छिक ओळख क्रमांक). स्ट्राइपसारख्या पेमेंट एपीआयमध्ये यासाठी स्वतंत्र हेडर आहे. ही की लूपच्या बाहेर बनवायची, शक्यतो वापरणाऱ्याने बटण दाबलं तेव्हाच. लूपच्या आत बनवली तर दर प्रयत्नाला नवी की, म्हणजे सर्व्हरच्या नजरेत पाच वेगळी कामं. सर्व्हर तुमचाच असेल तर त्या कीवर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम, लावा. "आधी शोधा, नसेल तर घाला" एवढ्यावर भागवू नका, दोन प्रयत्न एकाच वेळी शोधतील आणि दोघांनाही काही सापडणार नाही. समोरचा एपीआय अशी आयडेम्पोटन्सी की घेतच नसेल, तर पोस्ट आपोआप पुन्हा करू नका; आधी स्थिती विचारणारा कॉल करा आणि मग ठरवा.

रिट्राय एकाच थरावर ठेवा. ब्राउझर चार प्रयत्न करतो, त्यामागचा गेटवे चार, त्यामागची सर्व्हिस चार. सगळ्यात खाली डेटाबेसवर एका क्लिकचे ६४ कॉल. प्रत्येक टीमला आपला आकडा माफकच वाटतो. यात न दिसणारे थरही असतात. इंजिनएक्सला मागे अनेक सर्व्हर दिले असतील तर एरर किंवा टाइमआउट आल्यावर तो मुळातच पुढच्या सर्व्हरकडे विनंती नेतो. १.९.१३ आवृत्तीपासून पोस्टसारख्या विनंत्या त्यातून वगळल्या आहेत, पण गेट जातातच.

ट्रॅफिक मोठा असेल तर प्रयत्नांच्या संख्येपेक्षा रिट्रायचं बजेट जास्त उपयोगी पडतं. प्रोसेसमध्ये एक बादली ठेवा: प्रत्येक यशस्वी कॉलला त्यात ०.१ टोकन पडतं, प्रत्येक रिट्रायला १ खर्च होतं, बादलीला एक कमाल मर्यादा. सगळं ठीक असताना टोकनं भरपूर असतात आणि तुरळक चुका निमूट सुटतात. सर्व्हर पूर्ण पडला की काही क्षणांत बादली रिकामी होते आणि रिट्राय आपोआप बंद पडतात, म्हणजे पडलेल्यावर पाचपट भार जात नाही. दहा-पंधरा ओळींचं काम आहे. सर्किट ब्रेकर, म्हणजे फार चुका झाल्या की काही काळ कॉलच बंद ठेवणारी यंत्रणा, हा त्याच्या पुढचा टप्पा. बहुतेक ठिकाणी बजेटवर भागतं.

पाचशे कॉल प्रॉमिस-ऑलने (अनेक प्रॉमिसांची एकत्र वाट बघणारं फंक्शन) एकदम सोडत असाल तर रिट्राय प्रत्येक कॉलभोवती लावा, प्रॉमिस-ऑलभोवती नाही, नाहीतर एक फसला म्हणून यशस्वी झालेले ४९९ पुन्हा जातील. एका वेळी किती चालतील यावर मर्यादा घाला, समजा १०. झोपलेल्या कॉलने आपली जागा धरून ठेवावी का? ठेवावी. अडचणीच्या वेळी त्यामुळे सगळा प्रवाह आपोआप संथ होतो, आणि तेच हवं असतं.

टेस्टसाठी झोप, रँडम आणि घड्याळ ही तिन्ही फंक्शनं बाहेरून देता येतील अशी ठेवा. खोट्या टाइमरच्या नादी लागलात तर टाइमर पुढे सरकतो पण मधली प्रॉमिसं निकाली निघालेली नसतात, आणि टेस्ट लटकते. जेस्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात) घड्याळ पुढे नेणारी असिंक फंक्शनं यासाठीच आहेत. बाहेरून झोप दिली की रँडमला १ द्या आणि मागितलेले वेळ २००, ४००, ८००, १६०० आहेत का ते तपासा. दोनदा फसून तिसऱ्यांदा जमणारं काम, ४०० वर एकाच प्रयत्नात थांबणं, झोपेत रद्द होणं आणि तारखेच्या रूपातलं रिट्राय-आफ्टर, एवढ्या चार टेस्ट तरी हव्यातच.

लॉगमध्ये प्रयत्नाचा क्रमांक, कारण आणि किती थांबणार ते वॉर्निंग म्हणून लिहा. एरर फक्त शेवटच्या अपयशाला. आणि रिट्रायनंतर यशस्वी झालेले कॉल वेगळे मोजा. एकूण यश ९९.९ टक्के दिसत असतं, पण त्यातले निम्मे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात होऊ लागले असतील, तर ते कळण्याची दुसरी जागा नाही.